हिरवा त्रिकोण म्हणजे बिनधास्त?

फवारणीच्या औषधांवरच्या लेखात म्हटलंय की मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुडीवर हिरवा त्रिकोण असतो, म्हणून ते 'सर्वात कमी धोक्याचं'. निम्मंच खरं आहे हे. तो त्रिकोण फक्त एका दमात किती पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर माणूस दगावेल, एवढंच सांगतो. रोज थोडं थोडं नाकातोंडात जातं त्याचं काय? मॅन्कोझेबपासून शरीरात ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, तो थायरॉईडला त्रास देतो. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी वाढवून दिली नाही, ती काय उगाच?

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने दिवसाआड फवारणी. खरा घोळ फवारताना नाही, पुडी फोडताना होतो. पिवळसर भुकटीचा लोट थेट तोंडावर येतो आणि आमचे चुलते तोंडाला ओला रुमाल बांधून ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे. रुमाल मास्कचं काम करत नाही, उलट ओल्या कापडात औषध मुरतं नि ओठांनाच लागून राहतं. दोन हंगामांत त्यांच्या हाताला असं पुरळ उठलं की डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "औषध हाताने कालवता का?" आता काठी, रबरी हातमोजे आणि वाऱ्याला पाठ.

आणि घडातले मणी विरळ करायला येणाऱ्या बायकांबद्दल लेखात एक ओळ नाही. पानं ओली असतानाच त्यांना बागेत घालतात, हातमोजे तर सोडाच.