‘सगळे फोटो वेबपी करा, मूळ फायली उडवा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

वेबसाइट तयार करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतो आहे. त्याचा मतितार्थ असा : ‘साइटवरचे सगळे जेपेग आणि पीएनजी फोटो वेबपी या नव्या चित्रस्वरूपात बदलून घ्या. आकार ८० टक्क्यांनी घटतो, दर्जा तसूभरही कमी होत नाही, साइट आपोआप वेगवान होते, गुगलच्या शोधात वर येते. आणि एकदा रूपांतर झाले की जुन्या फायली डिलीट करून सर्व्हरची जागा मोकळी करा.’ वेबपी हे चांगले स्वरूप आहे आणि ते वापरावे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु या सल्ल्यातील जवळपास प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि शेवटचे तर घातक आहे. लहान संस्था, वाचनालये, हौशी इतिहाससंग्राहक हा सल्ला शब्दशः अमलात आणतात, म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासणे आवश्यक वाटते.

पहिले विधान ८० टक्क्यांचे. गुगलने वेबपी २०१० साली जाहीर केले. तुल्यबळ दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्क्यांनी लहान असते, असा खुद्द गुगलचा दावा आहे. पीएनजीच्या तुलनेत, चित्रातील काहीही माहिती न गाळता केलेल्या रूपांतरात, तो २६ टक्क्यांचा आहे. ज्यांनी हे स्वरूप घडवले त्यांनीच एवढा आकडा सांगितला असताना ८० टक्के कुठून आले? याचे उत्तर रूपांतराच्या सेटिंगमध्ये आहे. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून येणारा जेपेग बहुधा फार उच्च दर्जावर साठवलेला असतो. रूपांतर करणारी साधने मात्र वेबपी फाइल बऱ्याचदा ७५ किंवा ८० या दर्जांकावर (० ते १०० या पट्टीवरील दर्जाच्या आकड्यावर) लिहितात. गुगलच्या सीवेबपी या रूपांतराच्या साधनात, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, दर्जांक ७५ असतो. म्हणजे बचतीचा मोठा वाटा स्वरूप बदलल्यामुळे नव्हे, तर दर्जा खाली आणल्यामुळे मिळतो. तोच फोटो ७५ दर्जांकाचा जेपेग म्हणून पुन्हा साठवून पाहावा. फाइल तिथेही झपाट्याने लहान होते. शिवाय जेपेगचा ७५ आणि वेबपीचा ७५ ही एकच पट्टी नव्हे, त्यामुळे दोन फायलींवरचा सारखा आकडा पाहून तुलना करणे चुकीचे ठरते. मोझिलाने २०१४ मध्ये मोझजेपेग हे साधन आणले ते याच विचाराने, की जुन्या जेपेगमधूनच अजून बरीच बचत काढता येते. तसा नीट बनवलेला जेपेग समोर ठेवला, तर वेबपीची आघाडी आणखी कमी होते.

‘दर्जा तसूभरही कमी होत नाही’ हे दुसरे विधान. वेबपीचे दोन प्रकार आहेत : एक माहिती गाळून फाइल लहान करतो, दुसरा काहीही गाळत नाही. फोटोंसाठी जवळजवळ सर्वत्र पहिला वापरला जातो, कारण जेपेग फोटो दुसऱ्या प्रकारात नेला तर फाइल लहान होण्याऐवजी सहसा मोठीच होते. जेपेगने एकदा माहिती गाळलेली असते. त्यावर वेबपी पुन्हा आपल्या पद्धतीने गाळतो, आणि जेपेगने मागे सोडलेले चौकटींचे डाग हाही चित्राचाच भाग समजून ते जपण्यात बाइट खर्च करतो. प्रवासाच्या फोटोत हे डोळ्यांना जाणवणार नाही, हे मान्य. परंतु मराठी साइटवर फोटोंइतकीच अक्षरांची चित्रे असतात : जत्रेची पत्रके, कार्यक्रमाचे फलक, पिवळ्यावर लाल अक्षरांत छापलेल्या निमंत्रणपत्रिका. गाळणारा वेबपी उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, रंगाची मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवतो, आणि त्यात ही सवय बंद करण्याची सोय नाही. जेपेगमध्ये ती आहे. परिणाम असा की लाल अनुस्वार, रफार, उकाराचा बारीक फराटा यांच्या कडेला मळकट छटा येते, आणि पत्रक लहान आकारात दाखवले असेल तर वाचायला त्रास होतो. सीवेबपीमध्ये ‘शार्प वाययूव्ही’ हा पर्याय चालू केल्यास फरक बराच सौम्य होतो, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. अशा चित्रांसाठी काहीही न गाळणारा वेबपी किंवा मूळ पीएनजी हाच योग्य मार्ग आहे, आणि मूळ चित्र पीएनजी असेल तर तिथे वेबपी खरोखर उत्तम काम करतो. पारदर्शक पार्श्वभूमीच्या फोटोंबाबतही वेबपीचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. जेपेगला पारदर्शकता जमतच नाही.

तिसरे विधान वेगाचे, आणि मला वाटते की सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होते, कारण त्यामुळे खरे काम बाजूला राहते. फोनवर काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो घ्या. त्यात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. पानावर तो ८०० बाय ६०० जागेत दिसणार असेल, तर लागतात ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा हिस्सा. दुप्पट घनतेच्या पडद्यासाठी १६०० बाय १२०० दिला तरी पिक्सेल सहापटींहून अधिक कमी होतात. स्वरूप बदलून मिळणारी २५–३४ टक्क्यांची बचत यापुढे किती लहान आहे हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट याहून कमी लोकांच्या ध्यानात येते. फाइल जेपेग असो वा वेबपी, पडद्यावर उमटण्यापूर्वी ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते, आणि एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर तो ४००० बाय ३००० चा फोटो मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट घेतो. स्वरूपाने यात काडीचाही फरक पडत नाही. स्वस्त फोनवर वीस फोटोंचे दालन अडखळते ते अनेकदा याच कारणाने. वर्डप्रेस २०१५ पासून एका चित्राची अनेक मापे ब्राउझरपुढे ठेवते आणि ब्राउझर पडद्याला साजेसे माप उचलतो. पण हाताने लिहिलेल्या पानांत आणि सीएसएसमधून (पानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांतून) लावलेल्या पार्श्वभूमीच्या चित्रांत ही सोय आपोआप मिळत नाही. तिथे आधी मापे दुरुस्त करावीत. खालच्या चित्रांना ‘लेझी लोडिंग’ (वाचक जवळ पोचल्यावरच चित्र उतरवण्याची सोय) लावावे, मात्र पान उघडताच दिसणाऱ्या मुख्य चित्राला ते लावू नये, कारण त्याने तेच चित्र उशिरा येते.

गुगलच्या शोधातील स्थानाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पानाचे मुख्य दृश्य किती लवकर उमटते हे गुगल मोजते आणि अडीच सेकंदांच्या आत ते उमटणे चांगले मानते. अमुक स्वरूप वापरले म्हणून वेगळे गुण मिळत नाहीत. उलट, रूपांतर करताना फाइलचे नाव ‘.जेपीजी’वरून ‘.वेबपी’ झाले की चित्राचा पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट लावून दिली नाही, तर चित्रशोधातून येणारे वाचक रिकाम्या जागी पोचतात. ब्राउझरांचा प्रश्न आता जवळपास मिटला आहे : फायरफॉक्सने २०१९ मध्ये आणि सफारीने २०२० मध्ये वेबपी स्वीकारले. आयओएस १२ वर थांबलेले जुने आयफोन अजून वापरात असतील, तर एकाच चित्राच्या अनेक स्वरूपांतून ब्राउझरला निवड करू देणाऱ्या ‘पिक्चर’ टॅगमध्ये पर्याय म्हणून जेपेग ठेवणे एवढे पुरते.

राहिले ते मूळ फायली उडवण्याचे. या भागाला माझा ठाम विरोध आहे. जेपेग १९९२ चे, वेबपी २०१० चे, एव्हिफ हे त्याहून नवे चित्रस्वरूप २०१९ चे. एव्हिफ आज सर्व प्रमुख ब्राउझरांत चालते आणि फोटोंच्या बाबतीत अनेकदा वेबपीहून लहान फाइल देते. उद्या एव्हिफकडे जायचे ठरले आणि हाताशी केवळ ७५ दर्जांकाचे वेबपी उरलेले असले, तर गाळलेल्यावर तिसऱ्यांदा गाळणे एवढाच मार्ग उरतो. रूपांतरात फोटोसोबतची माहितीही जाते. सीवेबपी, वेगळे सांगितले नाही तर, फोटो कधी आणि कुठे काढला, कोणाच्या हक्काचा आहे, इतकेच नव्हे तर त्याची रंगपट्टीसुद्धा (रंग नेमके कसे दाखवायचे ही नोंद) टाकून देतो. विस्तृत रंगपट्टीत काढलेले आयफोनचे फोटो त्यामुळे फिके दिसू लागतात. प्रकाशित करताना ठिकाणाची माहिती काढून टाकणे योग्यच आहे, पण संग्रहातील प्रतीतून ती नाहीशी होणे हे कायमचे नुकसान आहे.

जुने कागद जपणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. वेबपी चित्राची कोणतीही बाजू १६३८३ पिक्सेलपेक्षा मोठी असू शकत नाही. ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केलेला कागद २७ इंचांहून थोडा जरी लांब असला, तरी तो या मर्यादेबाहेर जातो, आणि लांब वंशावळी, मोडीतील जोडपट्ट्यांचे कागद, गुंडाळी केलेल्या जन्मपत्रिका सहज त्याहून लांब असतात. अशा वेळी साधन एक तर नकार देते किंवा चित्र आक्रसून बसवते, आणि आक्रसलेल्या मोडीत अक्षराची गाठ कुठे सुटते हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. या फायली टिफ या संग्रहासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रस्वरूपात, किमानपक्षी मूळ जेपेगमध्ये, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. त्यांना सर्व्हरवर जागा देण्याची गरज नाही. तिथे वाचकांसाठी योग्य मापाच्या वेबपी प्रती पुरेशा आहेत.