बाहेरगावच्या जेवणाची बिलं आणि आयकर: खुलासा

‘घरापासून दूर नोकरी करत असाल तर मेसची सगळी बिलं रिटर्नमध्ये दाखवा, कर वाचेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. साताऱ्याहून पुण्यात नोकरीला आलेल्याची मेस हा त्याचा घरखर्चच. पगारदाराला प्रमाणित वजावट, म्हणजे करपात्र पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळते (आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,०००), आणि तिला बिलं लागतच नाहीत.

खरं आहे ते एवढंच: कंपनीने दौऱ्यावर पाठवून दैनिक भत्ता दिला, तर १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१४) नुसार त्यातला प्रत्यक्ष खर्च झालेला भाग करमुक्त, अगदी नव्या प्रणालीतही. उरलेला करपात्र. भत्ताच मिळाला नसेल, तर बिलांची थप्पी कितीही जाड असो, उपयोग शून्य.