निघालोच!

घरात लहान मूल असलेल्या माणसाने फोनवर "निघालोच" असं सांगितलं, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की एक बूट सापडलेला आहे. दुसऱ्याचा शोध चालू आहे. तो बहुधा कपड्यांच्या मशीनमध्ये निघतो, कारण तो तिथे असावा असं घरातल्या कुणाला तरी वाटलेलं असतं. आमच्याकडे त्या कुणाचं वय पावणेदोन वर्षं आहे.

आमची कन्या चालायला लागली तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या, व्हिडिओ काढले, आजी-आजोबांना पाठवले. पोरगी चालते म्हणजे आता कडेवर घेऊन हिंडायला नको, असा आमचा भाबडा हिशेब. चालता येणं आणि आईबापांना हवं तिकडे चालणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे तेव्हा कुणी बोललं नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचा चक्क हिशेब मांडला. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असली की तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. एवढ्या पावलांत माणूस गल्ली ओलांडून पार पुढे जाईल. आमच्याकडे ती सगळी सोफा ते पलंग आणि पलंग ते सोफा यातच खर्ची पडतात. पुढे याच मंडळींना असंही दिसलं की या वयातली मुलं पुष्कळदा कुठे पोचण्यासाठी चालतच नाहीत. नुसती चालतात. हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे आमच्याकडे शिस्तीचा अभाव वगैरे नाही, विज्ञान आहे.

जागतिक आरोग्य संघटनाही मागे नाही. एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, असं तिने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. आमच्याकडे हा कोटा सकाळीच पुरा होतो. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते त्यांनी आईबापांवर सोडलेलं दिसतं.

तर परवा आजीकडे जायचं होतं. मी बूट घेऊन जमिनीवर बसलो आणि नेहमीचा पुकारा झाला, "मी! मी!" याचा अर्थ, तुम्ही हात लावायचा नाही. हात लावलात तर आधी चापट मिळते आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बुटाला वेल्क्रोची पट्टी आहे. ती बंद करायची असते, हे तिला मान्यच नाही. पट्टी ओढली की कर्रर्र असा आवाज येतो आणि बूट त्यासाठीच बनवलेला आहे. कर्रर्र. माझ्याकडे बघून हसायचं. मी पट्टी दाबून बसवायची. पुन्हा कर्रर्र. मध्येच जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून, डावा बूट उजव्या पायात कोंबण्याचा प्रयोग. तो जाईना. मग दुसरा. तोही जाईना.

"पाच मिनिटांत निघू या हं," मी म्हणालो. या वयात पाच मिनिटं, उद्या आणि पुढचा वाढदिवस यात काडीचाही फरक नसतो. त्यांच्याकडे एक 'आत्ता' असतं, बाकीचं दुकान बंद.

"तिला अजून वेळ कळत नाही गं," मी आतल्या खोलीकडे बघून ओरडलो.

"कळतं की," बायको म्हणाली. "पटत नाही."

वर्तमानात जगा, क्षण अनुभवा, असं हल्ली जो तो सांगतो. त्यासाठी लोक शिबिरांना जातात, डोळे मिटून श्वास मोजतात. मला ती गरजच उरली नाही. अकरा किलोचे गुरू घरीच आहेत. साधकाचं लक्ष जरा फोनकडे वळलं की गुरू फोन काढून घेतात. ऑफिसचा विचार मनात आला तर तो त्यांना बाहेरून दिसतो आणि ते नाकात बोट घालतात. माझ्या. इतकी कडक साधना कुठल्याही आश्रमात होत नसेल.

"हे दिवस पुन्हा येत नाहीत बरं" असं सांगणारे वेगळे. त्यांच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. ही माणसं रात्रभर गाढ झोपून आलेली असतात. मजा येत नाही असं मी म्हणत नाही. येते, भरपूर येते. पण ती येत असते तेव्हाच गुडघा दुखत असतो, फोन वाजत असतो आणि कुणाचं तरी चिकट बोट आपल्या कानात असतं.

अखेर बूट चढले. पण दाराची किल्ली दिसेना. आता, वस्तू टाकणे हा या वयातला मुख्य व्यवसाय. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण करून लिहून ठेवलंय की एक ते दीड वर्षाच्या सुमारास मुलं वस्तू मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघतात. इथून टाकली तर कुठे पडते, उंचावरून टाकली तर काय होतं. छोटे शास्त्रज्ञच म्हणायचे. त्या वस्तू उचलायला पियाजेंच्या घरात कोण वाकायचं, हे मला जास्त जाणून घ्यायचंय.

"तुम्ही उतरायला लागा, मी शोधते," बायको म्हणाली. तिला माहीत होतं की आमचं एक मजला उतरून होईपर्यंत तिला अख्खं घर पालथं घालता येईल.

जिन्यात कन्या जरा लंगडत होती. चालायची नवी तऱ्हा असेल म्हणून मी कौतुकाने बघत राहिलो. तिसऱ्या पायरीवर मुंगी भेटली. लगेच गाडी थांबली. दोघंही बसलो. मुंगी आपल्या अंगापेक्षा मोठं काहीतरी पांढरं ओढत भिंतीकडे चालली होती. पायरीच्या कडेला आली, थबकली, उलटी फिरून तेच ओझं मागच्या मागे ओढायला लागली. "ओ," कन्या म्हणाली. मीही "ओ" म्हणालो. एक शेजारी आम्हाला ओलांडून खाली गेले, परत वरही आले. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. आजीकडे ताटकळत बसलेल्यांची मला अजिबात आठवण झाली नाही, हे मी इथे लिहितोय, तिकडे बोललेलो नाही.

मुंगीला मदत हवी असं कन्येला वाटलं असावं. तिने बुटाची पट्टी ओढली, कर्रर्र, पाय बाहेर काढला आणि बूट मुंगीपुढे उपडा केला. आतून किल्ली पडली.

"सापडली!" मी ओरडलो.

"कुठे होती?"

"बुटात!"

वर क्षणभर शांतता. मग बायकोचा आवाज आला, "बरं झालं. तेवढा बूट घाल तिला, तोवर मी एक झोप काढते."