‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ आणि शहाण्यांचा फॉरवर्ड

‘तुम्ही ज्याला प्रेमगीत समजता ते प्रत्यक्षात एका विकृत माणसाचं गाणं आहे’ अशा धाटणीचा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून डोकं वर काढतो. गाणं म्हणजे द पोलीस या ब्रिटिश बँडचं 1983 सालचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. शब्द थोडेफार बदलतात, दावे मात्र ठरलेले. बँडचा गायक आणि गीतकार स्टिंग यानं मुद्दाम पाळत ठेवणाऱ्याचं गाणं लिहून जगाला गंडवलं. बायको सोडून गेली त्या रागात लिहिलं. आतून ते अमेरिकी अध्यक्ष रेगनच्या ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्र-संरक्षण योजनेवर आहे (दोन्ही एकदम कसं, हे विचारायचं नाही). सगळं काम अर्ध्या तासात उरकलं. पुढे अमेरिकी रॅपर पफ डॅडीनं ते चोरलं, म्हणून कोर्टानं त्याला रोज दोन हजार डॉलरचा दंड ठोठावला. आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसह सल्ला: आता तरी लग्नात वाजवू नका.

थोडक्यात, गाणं प्रेमाचं समजणारे भाबडे आणि फॉरवर्ड पाठवणारे शहाणे. यातलं एकही वाक्य साफ बनावट नाही, हीच खरी पंचाईत. प्रत्येकात एक खरा तुकडा आहे आणि त्यावर मनचे इमले चढवलेत. तेव्हा एकेक घेऊ.

‘मुद्दाम पाळत ठेवणाऱ्याचं गाणं लिहिलं.’ गाण्यातला माणूस सांगतो की तुझ्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर माझी नजर असेल, तू माझी आहेस. हे वाचून अंगावर काटा यायला हवा, हे कबूल. स्टिंगनंही गाणं गाजत असतानाच मुलाखतीत त्याला दुष्ट म्हटलं होतं. मत्सर, पाळत आणि मालकी हे त्याचे विषय आहेत, असं तो म्हणाला होता. फॉरवर्डवाले एवढ्यावर थांबतात. पण पुढे त्यानंच सांगितलंय की मध्यरात्री ती ओळ डोक्यात घोळत जाग आली, उठून पियानोवर बसलो, आणि हे किती भयंकर आहे हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे डाव रचून जगाला फसवणारा गीतकार इथं नाही. प्रेमगीत लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून हे उतरलं, आणि त्यातला काळा भाग त्याला नंतर दिसला. माझ्या मते हे फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करणारं आहे.

शिवाय शब्द वाचून गाण्याचा निकाल लावता येत नाही, ते ऐकावं लागतं. कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, मुळं पाहिली तर चाल सा, ध, म, प अशी फिरते. पन्नाशीच्या दशकातल्या शेकडो अमेरिकी प्रेमगीतांनी हीच वाट मळवलेली आहे, आणि आपली चाल चारचौघींसारखीच आहे हे स्टिंगही मान्य करतो. त्या मऊ चालीत कान विसावतो. मग मधलं कडवं येतं आणि गाणं एकदम कोमल ध आणि कोमल नी यांच्या कॉर्ड्सवर सरकतं. इथं तो नजर ठेवणारा माणूस कोसळतो: तू गेल्यापासून मी हरवलोय, स्वप्नात तुझाच चेहरा दिसतो, मला थंडी वाजते. धमकावणारा आणि रडणारा माणूस एकच आहे. फॉरवर्डमध्ये या कडव्याचा उल्लेखही नसतो, कारण ते घेतलं तर ‘विकृत’ हे लेबल नीट चिकटत नाही.

राहिला लग्नाचा मुद्दा. आमचं लग्न याच गाण्यावर लागलं, असं स्टिंगला येऊन सांगणारी जोडपी आहेत. त्यांना तो शुभेच्छा देतो म्हणे. त्या जोडप्यांना हसायचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या नायिकेमागे गावभर फिरून शेवटी तिला पटवणाऱ्या हिरोंवर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी शिट्ट्या मारल्यात. पाळतीला प्रेम समजण्यासाठी आपल्याला इंग्रजी गाण्याची गरज कधीच पडली नाही.

‘बायको सोडून गेली म्हणून लिहिलं.’ इथं मात्र उलटं झालंय. 1982 मध्ये स्टिंगचं अभिनेत्री फ्रान्सिस टॉमेल्टीशी असलेलं लग्न मोडत होतं हे खरं. पण तोवर त्याचे ट्रूडी स्टायलरशी संबंध सुरू झाले होते. 1984 मध्ये घटस्फोट झाला, 1992 मध्ये ट्रूडीशी लग्न. टाकून दिलेल्या नवऱ्याचा हा आक्रोश आहे म्हणणं म्हणजे जो घराबाहेर पडला त्यालाच सहानुभूतीची पत्रं पाठवण्यासारखं आहे. घर मोडण्याच्या त्या काळातली घुसमट गाण्यात उतरली असणार, यात शंका नाही. पण ‘अमुक बाईसाठी लिहिलं’ असा सरळ पत्ता या गाण्याला नाही.

‘रेगनच्या स्टार वॉर्सवर आहे.’ हा दावा तारखेतच मरतो. रेगननं अवकाशातल्या क्षेपणास्त्र-संरक्षणाची ती योजना भाषणात जाहीर केली 23 मार्च 1983 रोजी. गाणं लिहिलं गेलं 1982 मध्ये, आणि ज्या अल्बममध्ये ते आहे त्या ‘सिंक्रोनिसिटी’चं ध्वनिमुद्रण डिसेंबर 1982 ते फेब्रुवारी 1983 या काळातलं. शीतयुद्धाची हवा, ऑरवेलच्या ‘1984’ कादंबरीतल्या ‘मोठा भाऊ पाहतोय’ची भीती, ही होती, स्टिंग तसं म्हणालाही आहे. गंमत म्हणजे त्यानं हे गाणं जमैकात ‘गोल्डनआय’ नावाच्या घरात लिहिलं. ते घर जेम्स बाँडचा जन्मदाता इयन फ्लेमिंग याचं. हेरांच्या गोष्टी जिथं लिहिल्या गेल्या तिथं पाळतीचं गाणं! फॉरवर्डवाल्यांच्या हातून एवढा तयार मसाला कसा सुटला कोण जाणे.

‘अर्ध्या तासात गाणं तयार.’ अर्ध्या तासात झाले ते शब्द आणि चाल. हे स्टिंगच सांगतो, आणि खरंच असावं. पण आपण जे ऐकतो ते अर्ध्या तासाचं काम नाही, आणि एका माणसाचं तर नाहीच.

1980 च्या मार्चमध्ये द पोलीसमधले तिघं मुंबईत येऊन वाजवून गेले होते, तेव्हा बँड भरात होता. तीन वर्षांनी त्यांना एका खोलीत बसवेना. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या ‘एअर’ स्टुडिओत ध्वनिमुद्रण चाललं होतं आणि तिघं तीन ठिकाणी वाजवत होते. ड्रमर स्टुअर्ट कोपलंड घराच्या जेवणाच्या खोलीत, गिटारवाला अँडी समर्स मुख्य स्टुडिओत, आणि स्टिंग बास घेऊन कंट्रोल रूममध्ये, निर्माता ह्यू पॅडगॅमच्या शेजारी. स्टिंग आणि कोपलंड यांच्यात ड्रमवरून खडाजंगी चाले. कोपलंड म्हणजे हाय-हॅटवर (ड्रमच्या जोडझांजांवर) नक्षीकाम करणारा, ठेक्याला उलटसुलट कोलांट्या मारायला लावणारा वादक. त्याला इथं अगदी साधा, सरळ ठेका धरायला लावला, आणि ड्रमचे भागही सुटेसुटे ध्वनिमुद्रित झाले. प्रकरण इतकं तापलं की मॅनेजर माइल्स कोपलंड, म्हणजे ड्रमरचा थोरला भाऊ, बेटावर येऊन दाखल झाला आणि हे काम पुढे न्यायचं की गुंडाळायचं यावर चक्क बैठक झाली.

स्टिंगनं घरून आणलेल्या कच्च्या मुद्रणात हॅमंड ऑर्गनचे जाड, पसरट सूर होते. त्या रूपात गाणं आलं असतं तर आज त्यावर फॉरवर्ड फिरले नसते. स्टिंगनं समर्सला सांगितलं, जा, तुझ्या पद्धतीनं कर. समर्सच्या हाताला त्या दिवसांत हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या दोन व्हायोलिनसाठीच्या युगलवादनांतली स्वरांतरं बसलेली होती. त्यानं त्या ठोकळेबाज कॉर्ड्स मोडून एकेक तार छेडली, तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज आखूड केला, आणि प्रत्येक कॉर्डमध्ये तिच्या मूळ सुराला सा धरलं तर वरच्या सप्तकातला रे मिसळला. तो रे गोड आहे, पण कुठंच टेकत नाही. गिटार शिकणाऱ्या पोराला हा तुकडा वाजवायला लावा: पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत बोटं पाच फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर) ताणावी लागतात, आणि दोन मिनिटांत हात दुखायला लागतो. समर्सनं तो जवळजवळ एका दमात वाजवून दिला. गाण्याला जी शांत, न थांबणारी, मागेमागे येणारी चाल आहे ती या गिटारची आहे. पाळतीची भावना ऐकू येत असेल तर ती निम्मी शब्दांतून येते आणि निम्मी या बोटांतून. मधल्या भागात पियानोचा एकच सूर ठाकठाक वाजत राहतो, तो मात्र स्टिंगचा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत आठ आठवडे पहिला क्रमांक, ब्रिटनमध्ये चार. फेब्रुवारी 1984 मध्ये दोन ग्रॅमी: उत्तम गायन-वादनाचं बँडला, आणि ‘वर्षातलं गाणं’ हे गीतकाराला मिळणारं पारितोषिक एकट्या स्टिंगला. 2019 मध्ये बीएमआय या अमेरिकी हक्क-संस्थेनं जाहीर केलं की तिच्या यादीत रेडिओवर सर्वाधिक वाजलेलं गाणं आता हेच आहे, जवळपास दीड कोटी वेळा. गीतकार म्हणून नाव एकाचंच, त्यामुळे त्या वाजण्याचा गीतकाराचा मोबदलाही एकालाच.

‘पफ डॅडीला रोज दोन हजार डॉलर दंड.’ 9 मार्च 1997 रोजी रॅपर नोटोरियस बीआयजी याची लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. त्याच्या स्मरणार्थ त्याचा मित्र आणि निर्माता पफ डॅडी यानं, बीआयजीची पत्नी फेथ एव्हान्स हिला सोबत घेऊन, ‘आय विल बी मिसिंग यू’ केलं. चाल आणि गिटार सरळ याच गाण्यातून उचललेली. अमेरिकेत ते अकरा आठवडे पहिलं राहिलं, मुळापेक्षाही तीन जास्त. परवानगी आधी घेतली नव्हती हे खरं. पण कोर्टाचा निकाल नाही की दंड नाही. तडजोड झाली आणि गीतकाराच्या हक्काचं उत्पन्न स्टिंगकडे वळलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात स्टिंग आणि पफ डॅडी एकाच मंचावर ते गात होते. दंड वसूल करणारे असे गळ्यात गळा घालत नाहीत. दोन हजारांचा आकडा आला 2018 च्या एका रेडिओ मुलाखतीतून, तिथं तसं विचारल्यावर स्टिंगनं होकार भरला. 2023 मध्ये पफ डॅडीनं ‘दोन नव्हे, पाच’ असं लिहिलं आणि मग गंमत केली म्हणून सांगितलं. दोघांच्या थट्टामस्करीतला आकडा आपण कोर्टाच्या हुकमासारखा पाठवत बसलोय.

यात सगळ्यात जास्त डावलला गेला तो समर्स. पफ डॅडीनं जे कापून घेतलं ती त्याची गिटार, त्याची ताणलेली करंगळी. पण कायद्याच्या नजरेत गाणं म्हणजे शब्द आणि चाल, त्यामुळे गीतकाराच्या वाट्यातलं त्याला काही नाही. ही मोठी लूट आहे, असं तो उघडपणे म्हणत आला. कोर्टाचं प्रकरण हवंच असेल तर तेही आहे: 2025 मध्ये समर्स आणि कोपलंड यांनी रॉयल्टीच्या पैशांवरून लंडनच्या हायकोर्टात दावा दाखल केला. प्रतिवादी स्टिंग आणि त्याची कंपनी. पफ डॅडीचा त्या दाव्याशी काही संबंध नाही.