गुलाबी थंडी, बजेट आणि प्रत्यक्ष

गुलाबी थंडी हा शब्द ज्या कुणी काढला ना, तो माणूस त्या वेळी नक्की घरात, पांघरुणात, खिडक्या लावून बसलेला असणार. कारण बाहेर पडल्यावर जे गुलाबी होतं ते फक्त नाक. हे मी स्वानुभवाने सांगतोय, अख्ख्या एका दिवसाच्या, आणि तो दिवस मी स्वतः प्लॅन केला होता त्यामुळे खापर फोडायलाही दुसरं कोणी नाही.

झालं असं की लग्नाला अकरा वर्षं झाली आणि एका रात्री बायको भांडी लावता लावता सहज म्हणाली, "आपण दोघंच असे शेवटचे कधी बाहेर गेलो रे?" मी म्हटलं परवाच तर गेलो होतो. "तो मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेलो होतो." एवढंच बोलली, वर बघितलंही नाही, फक्त भांड्यांचा आवाज जरा वाढला. हा आवाज कुठल्याही नवऱ्याला बरोबर कळतो.

मग मीही मनावर घेतलं. डिसेंबरमधला एक रविवार ठरवला, मुलीला आजीकडे ठेवायचं ठरलं, आणि ऑफिसात लंच टाइमला एक्सेल उघडून बसलो. रकाने असे: वेळ, ठिकाण, काय करायचं आणि शेवटी मूड. मूडच्या रकान्याला ड्रॉपडाउन दिला होता, त्यात हलकाफुलका, निवांत आणि रोमँटिक असे तीनच पर्याय. 'वैताग' हा पर्याय ठेवला नाही ही माझी पहिली चूक. एका ओळीत 'हात धरून चालणे, 20 मिनिटं' असंही लिहिलं होतं आणि ती ओळ मी गुलाबी रंगाने भरली होती. इथे एक सांगून ठेवतो, बायको ऑडिटमध्ये आहे.

नेटवर शोधलं तर कुठल्याही शहराची यादी घ्या, मजकूर तोच. बागेत फिरा, म्युझियम बघा, कॉफी प्या, सूर्यास्त बघा. आणि फोटोत एकाच मफलरमध्ये गुंडाळलेलं हसरं जोडपं. आम्ही हे घरी करून बघितलं. दोघांच्या उंचीत फरक असेल तर तो मफलर एकाचा गळा आवळतो आणि दुसऱ्याच्या नाकावरून जातो, आणि मग कोणीच हसत नाही, हसायला श्वास लागतो.

शोधता शोधता एक संशोधन मात्र झकास सापडलं. आर्थर एरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 साली छापलेलं. जोडप्यांना मनगटाला आणि घोट्याला वेल्क्रोच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलं, गाद्यांवर रांगायला लावलं, मध्ये एक अडथळा, आणि सोबत एक उशी न्यायची पण हात लावायचा नाही, दातात धरायची नाही, दोघांच्या अंगांमध्ये दाबून न्यायची. वेळ 7 मिनिटं. आणि हे करून झाल्यावर ही जोडपी आपल्या नात्यावर जास्त खूश निघाली, ज्यांना नुसता चेंडू ढकलायचं कंटाळवाणं काम दिलं होतं त्यांच्यापेक्षा. मतलब काय, तर एकत्र काहीतरी नवीन, दमछाक करणारं करा. मी उत्साहात बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकमेकांना बांधलेले, रांगतोय आणि मध्ये एक ओझं सांभाळतोय. अकरा वर्षं वेगळं काय करतोय आपण?"

असो. तर दिवस उजाडला.

शीटप्रमाणे घर सोडायची वेळ 7:30. प्रत्यक्षात सोडलं 9:10 ला. आता याला मी एकटा जबाबदार नाही, याला नाव आहे, प्लॅनिंग फॅलसी. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच ही खोड नोंदवून ठेवलीय, आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस कायम कमीच धरतो, आधी दहा वेळा उशीर झालेला असला तरी. पुढे 1994 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं गेलं की प्रबंध कधी पूर्ण होईल, सरासरी निघाली 33.9 दिवस, बरं सगळं वाईटात वाईट झालं तर किती, तर 48.6, आणि प्रत्यक्षात लागले 55.5. म्हणजे वाईटात वाईटाचाही अंदाज चुकला. हे सगळं मी दारात उभं राहून बायकोला सांगितलं त्यात आणखी सहा मिनिटं गेली.

बाकीचा उशीर स्वेटरमुळे. हिवाळ्यातल्या रोमान्सची खरी अडचण गर्दी नाही, ट्रॅफिक नाही, खरी अडचण ही की दोन माणसांना एकाच वेळी सारखी थंडी कधीच वाजत नाही. आमच्याकडे तिला वाजते आणि मला वाजत नाही, निदान मी तसं अकरा वर्षांपूर्वी एकदा बोलून बसलोय आणि आता ते निभावतोय. "स्वेटर घे." "नको." "घे रे, मग माझी शाल मागशील." "अगं मला थंडी वाजतच नाही." हे बोलताना माझे दात वाजत होते पण ते मी जबडा घट्ट धरून लपवलं. शेवटी तिने माझा स्वेटर, तिचं जॅकेट, शाल, दोन टोप्या आणि एक जादाची शाल (शालीला गारठा लागला तर असेल बहुतेक) एका पिशवीत भरलं आणि पिशवी माझ्या खांद्याला लावली. कोरडी, निरभ्र हवा म्हणजे रात्री जमिनीतली ऊब अडवायला वर ढग नाहीत, सगळी भुर्र, आणि दिवसा ऊन थेट डोक्यावर. म्हणजे सकाळी सगळे कपडे अंगावर आणि बारा वाजता तेच सगळे कपडे पिशवीत. त्या दिवसाचे जेवढे फोटो आहेत त्यात ती मोकळी, हसतेय वगैरे, आणि मी लॉन्ड्रीवाला.

पहिला मुक्काम बाग. शीटमध्ये लिहिलं होतं 'बाकावर बसून गप्पा, 45 मिनिटं, निवांत'. आता बागेत बाकं दोन प्रकारची असतात हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. लाकडी आणि दगडी. लाकडी सगळी गेलेली, तिथे अनुभवी जोडपी बसली होती. राहिली दगडी. तापमान दोन्हींचं सारखंच असतं खरं तर, पण दगड अंगातली उष्णता लाकडापेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतो, म्हणून बसल्याबरोबर दोघंही एकदम ताठ झालो, पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे. मी एक शाल खाली अंथरली. मग दुसरी. दोन शालींच्या गादीवर बसून आम्ही ज्या निवांत गप्पा मारल्या त्या संपूर्णपणे गॅस बुक केला का आणि मुलीने दूध प्यायलं असेल का याच्यावर होत्या. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "चल, चालूया." शीटमध्ये मी मनातल्या मनात 33 मिनिटं फायद्यात टाकली.

हा फायदा म्युझियमच्या दारात गेला. तिकीट ऑनलाइनच काढायचं होतं, आणि माझ्या हातात लोकरीचे हातमोजे. फोनच्या स्क्रीनला बोट कळतं ते बोटातून वीज वाहते म्हणून, लोकरीतून ती वाहत नाही, म्हणजे स्क्रीनच्या दृष्टीने मी तिथे नव्हतोच. एक मोजा काढला, बोट गार, तिकीट अर्ध्यावर आलं, ओटीपी येईपर्यंत बोट खिशात घातलं, ओटीपी आला तेव्हा बोट बाहेर काढलं, तोवर पेज एक्स्पायर. तिसऱ्या खेपेला मी मोजा दातात धरून उभा होतो. मागे कॉलेजमधली एक जोडी होती, त्यातली मुलगी मुलाला हळूच म्हणाली, "सो क्यूट, काका-काकू." क्यूट ठीक आहे, पण काका?

आत काय बघितलं ते फारसं आठवत नाही, ऊब होती एवढं आठवतंय. एका जुन्या तलवारीसमोर आम्ही जरा जास्तच वेळ थांबलो, त्याचं कारण इतिहासप्रेम नव्हतं, वरून येणारा गरम हवेचा झोत होता.

मग कॉफी. बाहेरच्या गारठ्यातून उबदार, दमट जागेत शिरलं की गार काचेवर वाफ जमते, हे शाळेत शिकलो होतो पण माझ्या चष्म्याला पण काच आहे हे लक्षात नव्हतं. दार उघडलं आणि सगळं पांढरं. बायको पुढे गेलेली. मी अंदाजाने चालत एका टेबलाशी गेलो, जंटलमनसारखी खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "बस ना." समोरून एक जाड आवाज आला, "मी बसलोय." चष्मा पुसला तर पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते आणि बायको तीन टेबलं सोडून पलीकडे, मेन्यूकार्ड तोंडासमोर धरून, खांदे हलत होते तिचे. अख्ख्या दिवसात ती पहिल्यांदा मनापासून हसली ती ही, आणि ते शीटमध्ये नव्हतं.

कॉफीने पुढचा अध्याय उघडला, ज्याबद्दल एकही यादी एक शब्द बोलत नाही. थंडीत लघवीला जास्त लागते. ही आपली समजूत नाही, शरीर ऊब वाचवायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, ते रक्त आतल्या भागात जातं, तिथला दाब वाढतो, शरीराला वाटतं अंगात पाणी फार झालंय, आणि मूत्रपिंड ते बाहेर काढायला घेतात. त्यात वरून कॉफी. म्हणजे हिवाळ्यात बाहेर पडलेलं प्रत्येक जोडपं हे अर्ध्या तासाने स्वच्छतागृहाच्या शोधात असलेलं जोडपं असतं, फक्त फोटोत ते दिसत नाही. पुरुषांचं एक वेळ भागतं. बायकांच्या रांगेचं काय वर्णन करावं, एका ठिकाणी कुलूप, एका ठिकाणी कडी नाही, एका ठिकाणी कडी आहे पण पाणी नाही, आणि जिथे सगळं आहे तिथे पंचवीस बायका. शहरात 'सेल्फी पॉइंट'चे बोर्ड दर शंभर पावलांवर. ज्या बोर्डाची गरज असते तो मात्र झाडामागे, आणि त्यावरचा बाण खाली जमिनीकडे वळलेला. मी मॅप उघडला (मोजा दातात), बायकोचा हात धरला आणि आम्ही सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडून पळत सुटलो, खांद्यावर पिशवी, पिशवीतून एक शाल झेंड्यासारखी फडकतेय.

या सगळ्यात सूर्यास्त कसाबसा गाठला. सूर्यास्ताची वेळ मी बघून ठेवली होती, 5:58. आम्ही टेकडीवरच्या कट्ट्याशी पोचलो 5:30 ला, म्हणजे हातात चांगली 28 मिनिटं, आणि सूर्य नव्हता. म्हणजे होता, पण समोरच्या उंच इमारतीमागे गेलेला. ती 5:58 ची वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी असते, शहरातला सूर्य आपला बिल्डरच्या मर्जीने मावळतो. मी परिस्थिती सावरायला म्हटलं, तुला माहितीय का, समुद्रावर बसलो असतो आणि सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसला असता ना, तरी तो खरा तिथे नसताच, तो आधीच खाली गेलेला असतो, हवेमुळे प्रकाश वाकतो म्हणून आपल्याला वर दिसतो. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू मला जे दाखवायला आणलंस ते इथे दिसत नाही, आणि जिथे दिसतं तिथे ते नसतं."

मला यावर काही सुचलं नाही. गारही फार वाटत होतं. मी हळूच म्हटलं, "तुझी ती शाल आहे का गं?" तिने विजयी वगैरे चेहरा अजिबात केला नाही, हे जास्त लागलं. पिशवीतून माझा स्वेटर काढून दिला, मी तो घातला, आणि वातावरण परत जुळवावं म्हणून तिच्या गालाला हात लावायला गेलो आणि चट्ट! दोघंही ओरडलो. कोरडी हवा, लोकर, आतला पॉलिस्टरचा शर्ट, घासून घासून अंगावर साठलेली स्थिर वीज. असा झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात म्हणे. लग्नाच्या आधी बायकोची एक मैत्रीण तिला म्हणाली होती की ह्या मुलात काही स्पार्क नाही, ती त्या वेळी तिथे हवी होती.

रात्री मुलगी झोपलेलीच उचलून घरी आणली. मी पाय पोटाशी घेऊन पांघरुणात शिरलो तर ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. माझी शीट उघडली होती. मूडच्या आधी एक नवीन रकाना घातला, नाव दिलं 'प्रत्यक्ष', आणि भरायला घेतलं. बागेत निवांत गप्पा, 45 मिनिटं, प्रत्यक्ष 12. कॉफी, 30 मिनिटं, प्रत्यक्ष 50, शेरा: पैकी 10 हसण्यात. सूर्यास्त, प्रत्यक्ष शून्य. मग एक नवीन ओळ, स्वच्छतागृह, बजेटमध्ये तरतूद नाही, प्रत्यक्ष 1 तास 25 मिनिटं. गुलाबी ओळीपाशी जरा थांबली. 'हात धरून चालणे, 20 मिनिटं'. समोर लिहिलं, '4, धावत'.

शेवटी मूडच्या रकान्यात तिने काहीतरी टाईप केलं आणि एंटर मारला तर टुंग करून आवाज आला, हा पर्याय यादीत नाही. परत टाईप केलं. परत टुंग. मी पांघरुणातून डोकं काढून विचारलं, काय लिहितेयस? तिने लॅपटॉप मिटला, दिवा घालवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी यादी नीट कर."

सध्या सतरा पर्याय झालेत. रोज लंच टाइमला एकेक वाढवतोय.