एल्फाची एटीकेटी

"गाइड कोण आहेत?" असं झेरॉक्सवाल्या काकांनी विचारलं, तेव्हाच मी पेन ड्राइव्ह काढून घ्यायला हवा होता.

माझं वय 41. केसांबद्दल बोलत नाही. पण कर्वेनगरात, कॉलेजच्या वाटेवरच्या दुकानात 11 पानं आणि स्पायरल बाइंडिंग मागणारा माणूस प्रोजेक्टवालाच असणार, अशी काकांची ठाम समजूत. मी म्हटलं, "कॉलेजचं नाही, माझंच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "एटीकेटी?"

एल्फ नावाच्या काल्पनिक जमातीच्या जादूचे नियम आहेत, हे सांगण्यापेक्षा एटीकेटी कबूल करणं सोपं होतं. पण मी खरं सांगितलं. आम्ही पाच मित्र दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेला खेळ. एकानं जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात हिंडून त्याची वाट लावायची, आणि कोण जगलं-वाचलं ते 20 बाजूंच्या फाशानं ठरवायचं. जग रचणारा मी. माझी तक्रार जुनी आहे. या खेळातला एल्फ 750 वर्षं जगतो, पण नवशिक्या एल्फ मांत्रिकाच्या गाठीशी सकाळी उठल्यावर मंत्र किती? फुटकळ सोडले तर दोन. कालपरवा मिसरूड फुटलेल्या माणसालाही दोनच. एल्फाला सवलत काय, तर आठ तासांच्या झोपेऐवजी चार तासांची तंद्री पुरते. ही सवलत आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच आहे.

1981च्या आवृत्तीत तर एल्फ असणं हाच पेशा होता. माणूस लढवय्या होई, चोर होई, मांत्रिक होई. एल्फ जन्मला की एल्फच. शिवाय दुसऱ्या पातळीवर जायला लढवय्याला 2,000 अनुभवगुण, एल्फाला 4,000. जन्मावरून पेशा, वर दुप्पट परीक्षा. त्या मंडळींना ही कल्पना नवीन वाटली असेल.

तर तीन आठवडे जागून मी स्वतःचे नियम केले. एल्फाची जादू चंद्रावर चालेल. शुद्ध प्रतिपदेला जादूचा एक गुण, पौर्णिमेला 15, मग उतरत अमावास्येला शून्य. तासभर चांदण्यात बसायचं आणि गुण भरून घ्यायचे. सुंदर होतं. मला तरी वाटत होतं.

काकांनी एक प्रत छापली आणि कागद अडकला. तो ओढून काढता काढता त्यांनी चौथं पान वाचायला घेतलं.

"एल्फ म्हणजे?"

"टोकदार कान असतात. रानात राहतात. जादू येते."

"यक्ष म्हणा की." मी म्हटलं, बरं, यक्ष. "मग यक्षाची तिथी सूर्योदयाची धरलीय की चंद्रोदयाची? तो बसतो रात्री. संकष्टीला आपण चंद्रोदयाची चतुर्थी बघतो. तुमचं काय?"

माझं काहीच नव्हतं. काकांनी काउंटरवर स्टेपलरचा सूर्य केला आणि पंचिंग मशीनचा चंद्र. चंद्र सूर्यापेक्षा आणखी 12 अंश पुढे सरकला की तिथी बदलते. पण तो कधी पळतो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथी कधी 19 तासांत आटोपते, कधी 26 तास चालते. "एखादी सूर्योदय न बघताच संपते. क्षय. तिचे गुण बुडाले? आणि वृद्धी तिथी दोन सूर्योदय बघते, तेव्हा दोनदा द्यायचे?"

मागे ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टच्या, तीन प्रती घ्यायला आलेली मुलगी उभी होती. पाचला सबमिशन, तरी तिला वेळ होता. "सर, एज केस हँडल केली नाहीये तुम्ही."

मी पान सहाकडे वळवायला बघितलं. तिथे माझा लाडका नियम होता: मंत्र फसला, तर एल्फाच्या आयुष्यातलं एक वर्ष त्याच्या आठवणीतून पुसलं जातं. रात्री दोन वाजता हे लिहून मी स्वतःच गहिवरलो होतो.

काका म्हणाले, "750 मधलं एक? मला 2009 आठवत नाही. काही बिघडलं नाही."

मुलगी हसली. मग त्यांनी रंगीत नकाशाचं पान उचललं, दहा रुपये हं, असं म्हणत प्रकाशात धरलं आणि हळूच उलटं केलं. "ही दाभोळची खाडी." होती. मी उलटी करून वापरली होती, आजवर कोणाला कळलं नव्हतं. काका गुहागरचे निघाले. "आमच्याकडे ज्येष्ठ लागला की भाद्रपदापर्यंत चंद्र दिसतो कुठे? तुमचा यक्ष चार महिने काय करतो? चातुर्मास?"

आता हसू येतंय, पण तेव्हा कानशिलं तापली होती. माणूस चाळिशीत ट्रेकला गेला, सायकल घेऊन लोणावळ्याला गेला, की कौतुक. तीन आठवडे डोकं लावून एक गोष्ट रचली, की ती कोणाची तरी एटीकेटी. घरीही तेच. आई विचारते, "यातून मिळतं काय?" क्रिकेट बघून काय मिळतं, हे तिनं बाबांना कधी विचारलेलं नाही. असो.

तेवढ्यात काकांनी कानामागची पेन्सिल काढून समासात काहीबाही लिहिलं होतं. मशीन सुरू झालं आणि उरलेल्या चार प्रती त्यांनी पेन ड्राइव्हवरून न काढता त्याच प्रतीवरून झेरॉक्स मारल्या. म्हणजे पाचही प्रतींत काकांचं अक्षर. आणि पैसे मी भरले.

रविवारी सगळ्यांनी आपापली प्रत उघडली. आमचा एल्फ खेळणारा मित्र सीए आहे. त्यानं माझी 11 पानं पंख्याखाली गंजिफा फेकावी तशी उलटली आणि समासापाशी थांबला. "अरे, हे पेन्सिलीतलं कोणी लिहिलंय? कसलं भारी आहे!" वृद्धी तिथीला दुप्पट गुण त्यानं तिथल्या तिथे वसूल केले, क्षय तिथीचे पुढे ओढायची परवानगी मागितली, पावसाळ्यासाठी तरतूद मागितली. दोन तास गेले. फासा एकदाही पडला नाही. माझ्या जगात एका जादूगारणीनं राजाला ओलीस धरलं होतं, ती बिचारी तशीच उभी राहिली.

निघताना चौघांचं एकमत झालं की अधिक महिन्याचा नियम राहिलाय, तो त्या काकांनाच विचारावा. सीए म्हणाला, "रविवारी मोकळे असतात का रे ते?"

असतात. रविवारी दुकान बंद असतं. मी सांगितलं नाही.