शनिवारचं तेल

आई-बाबा सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून सनीव्हेलला आले, तेव्हा पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांची माझी नेहमीची यादी तयार होती. गोल्डन गेटवर बाबा म्हणाले, "वारा फार आहे." नापाला म्हणाले, "द्राक्षं नाशिकचीच." योसेमिटीच्या धबधब्यासमोर उभं राहून त्यांनी माळशेज घाटातली भजी आठवली. शेवटी एका शनिवारी, कॉस्टकोला जायच्या आधी तासभर हाताशी होता म्हणून, मी माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमकडे गाडी वळवली. तिथे माझे पुढचे सगळे शनिवार गेले.

तिथे आयबीएम १४०१ या जुन्या, मोठ्या कॉम्प्युटरची दोन यंत्रं आहेत. एक जर्मनीतल्या हाम गावाहून आणलेलं, दुसरं कनेटिकटमधल्या एका घराच्या तळघरातून काढलेलं. निवृत्त इंजिनिअर मंडळींनी वर्षानुवर्षं खपून दोन्ही पुन्हा चालती केली. हे मॉडेल बाजारात आलं १९५९ साली. बाबांनी फोर्टातल्या एका कचेरीत अशाच यंत्रावर आठ वर्षं पाळ्या केल्या. १९७८ साली आयबीएम भारतातून गेली, यंत्र राहिलं. पुढे तेही किलोच्या भावाने भंगारात गेलं. त्या दिवशी आपण जेवलो नाही, असं बाबा सांगतात. आईच्या आठवणीप्रमाणे तीन पोळ्या खाल्ल्या होत्या.

दारातून आत शिरताच बाबा थांबले. प्रिंटर सुरू होता. मिनिटाला ६०० ओळी छापणारा हा १४०३ जो आवाज करतो, त्यापुढे लोकलचा खडखडाट म्हणजे अंगाई. बाबा डोळे मिटून उभे. अमेरिकेत आल्यापासून गुडघा धरून चालणारा माणूस तरातरा कठड्यापाशी गेला आणि तिथल्या पांढऱ्या दाढीच्या स्वयंसेवकाला म्हणाला, "मेमरी किती?"

दोघांचं असं जमलं, की माझ्या लग्नात व्याही-व्याह्यांचं जमलं नव्हतं.

या मंडळींचं बोलणं बाजूला उभं राहून ऐकावं. आपल्याकडे बागेतल्या कट्ट्यावर चालतं तेच. जर्मन आज कसा आहे? सकाळी जरा धाप लागली होती, आता बरा आहे. त्याला इथली वीज पचत नाही. जन्म सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर झालेला, अमेरिकेत मिळते ६० ची, म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. बाबांना हे लगेच पटलं. तेही येताना स्वतःचं मेतकूट घेऊन आले होते.

आईला कंटाळा येईल म्हणून मी धास्तावलो होतो. तिला कुणीतरी मेमरीची चौकट दाखवली: जाळीसारख्या विणलेल्या तारा आणि प्रत्येक छेदावर फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाचं इवलंसं कडं. एका अक्षराला अशी आठ कडी. ४,००० अक्षरांची मेमरी म्हणजे ३२,००० कडी, आणि त्या सगळ्यांतून तारा ओवलेल्या. आईने चष्मा वर केला. "हे तर मंगळसूत्राचे मणी!" मग माझ्याकडे वळून, "आणि एवढे मणी ओवून याच्यात तुझा एक सुप्रभातचा फोटोसुद्धा मावणार नाही?" नाही म्हटल्यावर तिचा यंत्राबद्दलचा आदर दुणावला.

त्यानंतर दर शनिवारी तिथे. लहानपणी शनिवारी मारुतीला तेल घालायला नेत, तसंच हे. इथेही तेल होतंच. प्रिंटरचा कागद सरकवणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. एकदा, भोकं पाडून माहिती भरलेली कार्डं वाचणारं यंत्र अडलं, तेव्हा बाबांनी कान देऊन ऐकलं आणि छातीठोकपणे निदान केलं. स्वयंसेवकांनी झाकण काढलं, तासभर तपासलं. निदान साफ चुकलं होतं. बाबा मात्र खूश. एवढ्या माणसांनी तासभर आपलं ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाबतीत घरी घडलेलं नाही.

परतीच्या गाडीत व्याख्यान. मिनिटाला ८०० कार्डं वाचायचं बरं का यंत्र, पण मुंबईच्या पावसाळ्यात कार्डं एसी हॉलबाहेर राहिली की पापडासारखी वाकायची. गठ्ठा हातातून पडला तर? म्हणून कडेवर पेनाने तिरकी रेघ मारून ठेवायची; रेघ जुळली की क्रम जुळला. "तुमच्या क्लाउडला आहे का अशी रेघ?" मी क्लाउडमध्येच नोकरी करतो. नाही आहे.

जायच्या आदल्या रात्री बॅगांचं वजन. माणशी दोन बॅगा, बॅगेला २३ किलो. बाबांची एक अडीच किलोंनी जास्त भरली. आत खोका होता: दाढीवाल्या मित्राने दिलेली २,००० कोरी कार्डं.

"आई, तू तरी सांग यांना."

"ती राहू देत रे," आई म्हणाली. "तुझ्या लहानपणी दुधाचा हिशोब, इस्त्रीचे कपडे, सगळं मी यांच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहायचे. आता कागद कुठे मिळतो तसा जाड?"

मग बदामांची पाकिटं निघाली. तरी काटा हलेना. नातेवाइकांसाठी घेतलेले शांपू निघाले. शेवटी बाबांनी बॅगेत हात घालून मी हौसेने आणलेलं रक्तदाब मोजायचं मशीन बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे ठेव तुलाच. नवीन आहे, टिकायचं नाही."